प्रतिपिंडांच्या जनुकांची जुळणी

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या आरोग्यविषयक शिबिरात माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत लसीकरण, सकस आहार आणि पिण्याचे शुद्ध पाणी या विषयांना स्थान मिळाले आहे. त्यांच्या पंक्तीत माझा विषय काहीसा आडवाटेचा वाटेल. परंतु लस टोचल्यावर शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला गावातील कोणी ना कोणी कधीतरी विचारलेला असतो आणि बहुतेक वेळा आपण ‘प्रतिकारशक्ती वाढते’ एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण करतो. ही शक्ती येते कोठून, ती कशी घडते आणि क्वचित एखाद्या बालकात ती मुळीच का घडत नाही, याची हकिगत विसाव्या शतकातील जीवविज्ञानाच्या उत्तम हकिगतींपैकी एक आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा रसायनशास्त्राच्या सूत्रांपेक्षा शब्द आणि अक्षरे यांचाच आधार मी अधिक घेईन. सुदैवाने हा विषयही मुळात अक्षरांचाच आहे.

प्रारंभ आपल्या परिचयाच्या गोष्टीपासून करू. सर्पदंशावर जे इंजेक्शन देतात, ज्याला बोलण्यात ‘सापाची लस’ म्हणतात, ते घोड्याच्या रक्तापासून तयार होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प प्रमाणात, क्रमाक्रमाने वाढवीत घोड्यास टोचण्यात येते. काही काळाने त्याच्या रक्तात त्या विषास नेमके पकडून निष्प्रभ करणारी प्रथिने तयार होतात. या प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात. आता विचार करण्यासारखी गोष्ट ही की, घोड्याच्या वंशपरंपरेने फुरशाच्या विषाची माहिती जपून ठेवली असेल असे मानण्यास कसलाही आधार नाही. तरीही ते विष ओळखणारे प्रतिपिंड त्याच्या शरीरात निघते. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याहून पुढची गोष्ट दाखवून दिली होती. निसर्गात कधीच अस्तित्वात नसलेली, प्रयोगशाळेत बनविलेली रसायने प्रथिनांना जोडून त्याने प्राण्यांना टोचली, तर त्या रसायनांविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण झाली. जी वस्तू पृथ्वीवर कालपर्यंत नव्हती, तिच्यासाठी कुलूपबंद किल्ली शरीराने आधीच कशी करून ठेवली?

जुने कोडे

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर १९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी सुचविले होते. प्रतिपिंड हे मऊ मेणासारखे असून ते परक्या वस्तूभोवती गुंडाळले जाऊन तिचा आकार घेते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. कल्पना सुबक होती, पण खरी ठरली नाही. प्रथिनाचा आकार त्यातील घटकांच्या क्रमावर ठरतो आणि तो क्रम जनुकात लिहिलेला असतो, हे पुढे स्पष्ट झाले. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते शरीर परकी वस्तू पाहून प्रतिपिंड घडवीत नाही. भिन्नभिन्न प्रतिपिंडे धारण करणाऱ्या असंख्य पेशी शरीरात अगोदरच तयार असतात, आणि परकी वस्तू येते तेव्हा तिच्याशी जुळणारी पेशी तेवढी निवडली जाऊन वाढू लागते. हा विचार आज सर्वमान्य आहे. पण त्याने एक अडचण सोडविली आणि दुसरी उभी केली. असंख्य प्रतिपिंडे आधीच हवीत, तर त्यांची असंख्य जनुके कोठे आहेत?

मानवाच्या आनुवंशिक द्रव्यात, म्हणजे डी.एन.ए. मध्ये, सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. अक्षरे म्हणजे चार रासायनिक घटक. सारा मजकूर त्या चारांतच लिहिलेला आहे. त्यात प्रथिने घडविणाऱ्या जनुकांची संख्या आज सुमारे २०,००० मानली जाते. हाडे, स्नायू, डोळे, रक्त, मेंदू या सर्वांचा कारभार एवढ्यात चालतो. याउलट माणूस निर्माण करू शकेल अशा निरनिराळ्या प्रतिपिंडांची संख्या दहा हजार कोटींच्या घरात किंवा त्याहूनही अधिक धरली जाते. एका प्रतिपिंडास एक जनुक हा हिशेब येथे बसत नाही, हे सांगण्यास गणिताच्या शिक्षकाची गरज नाही.

प्रतिपिंडाची रचना ठाऊक झाली तेव्हा कोडे अधिकच अवघड झाले. ही रचना उलगडल्याबद्दल जेराल्ड एडेलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या या रेणूत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. प्रत्येक साखळीचा एक भाग प्रतिपिंडागणिक बदलतो. परक्या वस्तूला पकडण्याचे काम याच टोकाकडे असते. उरलेला भाग मात्र एका वर्गाच्या सर्व प्रतिपिंडांत सारखाच राहतो. हजारो प्रतिपिंडांची हजारो स्वतंत्र जनुके असती, तर काळाच्या ओघात त्या सर्वांचा अर्धा भाग अक्षरशः एकसारखा कसा राहिला असता? १९६५ मध्ये विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट या दोन अमेरिकन संशोधकांनी धाडसाने सुचविले की, स्थिर भागाचे जनुक एकच असावे, बदलत्या भागाची जनुके अनेक असावीत आणि पेशीत ती कशीतरी एकमेकांना जोडली जात असावीत. या सूचनेस त्यावेळी फारसे अनुयायी लाभले नाहीत, आणि त्यात नवल नव्हते. आईबापांकडून आलेले आनुवंशिक द्रव्य शरीराच्या सर्व पेशींत आयुष्यभर जसेच्या तसे राहते, हा जीवविज्ञानाचा जवळजवळ धर्मनियम होता. जन्मपत्रिकेत कोणी मधूनच कात्री चालवावी, तसा हा प्रकार होता.

बाझलमधील प्रयोग

हा नियम मोडतो असे सिद्ध करणारे संशोधक सुसुमु तोनेगावा हे प्रतिरक्षा विज्ञानाचे जाणकार नव्हते, ही गोष्ट मला नेहमीच महत्त्वाची वाटत आली आहे. १९३९ मध्ये जपानमधील नागोया येथे त्यांचा जन्म झाला. क्योतो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि विषाणूंच्या जनुकांवर काम करू लागले. १९७० च्या अखेरीस त्यांच्या अमेरिकेतील वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपत आली. देश सोडणे भाग होते. त्याच सुमारास त्यांचे मार्गदर्शक रेनातो दुल्बेको यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात प्रतिरक्षा विज्ञानाची नवी संस्था निघत असल्याचे त्यांना कळविले. १९७१ च्या आरंभी ते तेथे रुजू झाले. सभोवती सारे प्रतिरक्षा विज्ञानाचे तज्ज्ञ आणि हे एकटे जनुकांचे अभ्यासक. परवान्याच्या एका नियमामुळे एक माणूस योग्य जागी पोहोचला. शासकीय नियमांच्या नावाने आपण नेहमी बोटे मोडतो, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मनाने सहज पाहता येतो. त्यांनी उंदराच्या दोन प्रकारच्या पेशी घेतल्या. एक, गर्भातील पेशी, ज्यांनी अद्याप प्रतिपिंड बनविण्यास प्रारंभ केलेला नाही. दुसऱ्या, प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशींच्या अर्बुदातील, ज्या एकच एक प्रतिपिंड अखंड तयार करतात. दोहोंचा डी.एन.ए. एकाच एंझाइमने कापला. हे एंझाइम ठराविक अक्षरक्रम दिसला की तेथेच कापते. मग तुकडे लांबीनुसार वेगळे केले आणि बदलत्या भागाचा मजकूर कोणत्या तुकड्यावर आहे, स्थिर भागाचा कोणत्या, हे किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने शोधले. गर्भाच्या पेशींत हे दोन भाग दोन वेगळ्या तुकड्यांवर सापडले. अर्बुदाच्या पेशींत मात्र ते एकाच, आकाराने निराळ्या तुकड्यावर होते. याचा अर्थ एकच निघतो. पेशी वाढत असताना तिच्या आनुवंशिक द्रव्याची कापाकापी आणि पुनर्जुळणी झाली होती. या शोधाबद्दल १९८७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक तोनेगावांना एकट्यास देण्यात आले.

नाव, वडिलांचे नाव, आडनाव

ही जुळणी कशी होते? पंचायतीच्या मंडळींना मतदारयादी परिचयाची आहे, म्हणून तिचाच दृष्टांत घेतो. आपल्याकडे पूर्ण नावात तीन भाग असतात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. मानवाच्या जड साखळीच्या बदलत्या भागाचेही असेच तीन घटक आहेत; शास्त्रज्ञ त्यांना ‘व्ही’, ‘डी’ आणि ‘जे’ म्हणतात. चौदाव्या गुणसूत्रावर व्हीचे सुमारे ४०, डीचे २३ आणि जेचे ६ उपयोगी तुकडे ओळीने मांडलेले असतात. अस्थिमज्जेत घडणारी प्रत्येक ‘बी’ पेशी, म्हणजे पुढे प्रतिपिंड बनविणारी पांढरी रक्तपेशी, यांपैकी प्रत्येक ओळीतून एकेक तुकडा उचलते. ४० नावे, २३ वडिलांची नावे आणि ६ आडनावे यांपासून ५,५२० पूर्ण नावे होतात. हलक्या साखळीत मधला ‘डी’ नसतो. तिच्या दोन जाती मिळून सुमारे ३२० जुळण्या संभवतात. जड आणि हलकी यांची जोडी लावली की गुणाकार साडेसतरा लाखांच्या वर जातो. जवळ असलेले तुकडे मात्र एकूण दीडशेच्या आत.

दृष्टांत येथवर ठीक आहे, पण एका बाबतीत तो तोकडा पडतो. छापखान्यात जुळारी खणांतून खिळे उचलून मजकूर जुळवितो आणि छपाई झाल्यावर ते परत खणांत टाकतो. बी पेशी तसे करीत नाही. निवडलेल्या दोन तुकड्यांच्या मधला सारा मजकूर ती कापून बाहेर काढते. त्या पेशीपुरता आणि तिच्या पुढील संततीपुरता तो कायमचा गेला. कापलेल्या पट्टीची दोन टोके जुळून तिचे एक लहान कडे होते आणि ते पेशीत तसेच पडून राहते. हे कडे कृपया ध्यानात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

कापावयाचे कोठे, हे कसे कळते? प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक खूण असते : सात अक्षरांचा एक गट, मग काही अंतर, मग नऊ अक्षरांचा दुसरा गट. मधले अंतर कोठे १२ अक्षरांचे, तर कोठे २३ अक्षरांचे. नियम असा की, १२ ची खूण २३ च्या खुणेशीच जोडली जाते. सारख्याला सारखी खूण चालत नाही. जड साखळीत व्ही आणि जे या दोहोंच्या खुणा २३ च्या आहेत, डीच्या दोन्ही बाजूंच्या १२ च्या. म्हणून नाव थेट आडनावाला चिकटू शकत नाही. मध्ये वडिलांचे नाव यावेच लागते. ही शिस्त पाहून, आमच्या कार्यालयातील अर्जांची छाननीही इतकी काटेकोर असती तर किती बरे झाले असते, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

ही खूण ओळखून कापणाऱ्या कात्रीची दोन पाती म्हणजे ‘रॅग-१’ आणि ‘रॅग-२’ ही दोन प्रथिने. अमेरिकेतील डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड शाट्झ आणि मार्जोरी ओटिंगर यांनी १९८९ आणि १९९० मध्ये त्यांची जनुके शोधून काढली. कात्रीने कापल्यावर तुकड्यांची टोके केसाच्या आकड्यासारखी बंद होतात. ‘आर्टेमिस’ नावाचे आणखी एक प्रथिन ती उघडते, आणि उघडताना नेहमी नेमक्या मध्यावरच उघडते असे नाही. त्यामुळे काही अक्षरे कमी-अधिक होतात. त्यातच एक विलक्षण एंझाइम पुढे येते. डी.एन.ए. लिहिणारी इतर एंझाइमे समोरचा मजकूर पाहून नक्कल करतात. हे मात्र समोर काहीही नसताना मनास येतील ती अक्षरे त्या सांध्यात भरते. शेवटी इतर प्रथिने टोके सांधून टाकतात. साडेसतरा लाखांची संख्या दहा हजार कोटींच्या घरात नेणारा खरा भाग हाच सांधा आहे. तुकड्यांची निवड त्यामानाने गौण म्हणावी लागेल. शेजारच्या तुकड्याशी तुकडा जोडताना मध्ये थोडी स्वैर अक्षरे सोडून देणे, एवढ्या युक्तीने न पाहिलेल्या शत्रूसाठी सिद्धता होते. एकाच गर्भबीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांची आनुवंशिक संपत्ती सारखी असते, पण त्यांचे प्रतिपिंडांचे भांडार एकसारखे नसते, ते याच कारणाने.

स्वैरपणाचा हिशेब

परंतु स्वैरपणा फुकट मिळत नाही. जनुकातील मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. पहिलीच्या वर्गातील ‘कमल बदक मगर नगर’ ही ओळ घ्या. ‘कमल’ नंतर एकच अक्षर, समजा ‘स’, जास्त पडले आणि वाचन तीन-तीनानेच चालू राहिले, तर ‘कमल सबद कमग रनग र’ असा प्रकार होतो. सांध्यात पडलेल्या किंवा गळालेल्या अक्षरांचा तीनाशी मेळ बसला तरच पुढचा मजकूर शाबूत राहतो. म्हणजे सरासरीने तीन जुळण्यांतील दोन निरर्थक निघतात. पेशीजवळ या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक वडिलांची. पहिली जुळणी फसली तर दुसऱ्या प्रतीवर प्रयत्न होतो. तोही फसला तर पेशी मरते. जुळणी साधली तर लागलीच दुसऱ्या प्रतीचे काम थांबविले जाते, त्यामुळे एका पेशीचे एकच प्रतिपिंड राहते. बर्नेट यांच्या विचाराला हीच अट हवी होती.

आणखी एक परीक्षा उरते. स्वैर जुळणीतून निघालेले प्रतिपिंड परक्याला पकडील तसे स्वकीयालाही पकडू शकेल. मानवी अस्थिमज्जेतील कोवळ्या बी पेशींची २००३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक पेशींची प्रतिपिंडे शरीराच्याच घटकांना चिकटणारी आढळली. अशा पेशीला कधी हलकी साखळी पुन्हा जुळविण्याची संधी मिळते, कधी मरण येते, तर कधी ती निष्क्रिय केली जाते. ही छाननी अपुरी पडण्यातून स्वतःच्याच शरीरावर उलटणारे रोग उद्भवू शकतात. शिवाय डी.एन.ए. ची दोरी तोडणे हे मुळात जोखमीचे काम आहे. क्वचित चौदाव्या गुणसूत्राचे तुटलेले टोक अठराव्या गुणसूत्राला जोडले जाते आणि पेशीचे मरण रोखणारे जनुक चुकीच्या जागी येऊन बसते. लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे मूळ त्यात आहे.

अस्थिमज्जेतून बाहेर पडल्यावरही पेशीचे शिक्षण संपत नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपण सर्व जाणतो. त्या गाठीत, जंतूंशी जुळणाऱ्या मोजक्या बी पेशी भराभर वाढत असतात. वाढताना त्यांच्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम बारीक बदल केले जातात आणि जी पेशी जंतूला अधिक घट्ट पकडील ती टिकते. या बदलांना कारण होणारे एंझाइम जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९९ मध्ये सापडले. बालकाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तीच लस पुन्हा का टोचावयाची, असे माता विचारतात. पुढच्या मात्रांमुळे आधी निवडलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि अधिक घट्ट पकडणारी प्रतिपिंडे पुढे येतात, हे त्याचे खरे उत्तर आहे. एक मात्रा चुकली की ही निवड अर्धवट राहते.

कात्रीच नसेल तर

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मी आपणांपुढे आणला, तिच्याकडे वळतो. उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या बाजूस असणाऱ्या थायमस ग्रंथीत ‘टी’ पेशी घडतात. प्रतिकाराचे सूत्रचालन त्यांच्याकडे असते, आणि त्यांचेही ग्राहक याच कात्रीने, याच रीतीने जुळविले जातात. एखाद्या बालकाला आई आणि वडील या दोघांकडूनही रॅगचे सदोष जनुक आले, तर त्याच्या शरीरात टी आणि बी या दोन्ही पेशी जवळजवळ निर्माणच होत नाहीत. तीव्र संयुक्त प्रतिकार-न्यूनता असे या स्थितीचे वर्णन करता येईल. तिची कारणे इतरही आहेत. एका प्रकारात दोष फक्त आईकडून येतो आणि मुलग्यांनाच भोवतो. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत सर्व प्रकार मिळून ५८,००० जन्मांमागे एक असे प्रमाण आढळले. आर्टेमिस या प्रथिनाच्या दोषाचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील नॅव्हाहो या आदिवासी समाजात एका पूर्वजाकडून आलेला हा दोष अनेक कुटुंबांत पसरला आणि तेथे सुमारे २,००० जन्मांमागे एक बालक या व्याधीचे जन्मते.

अशा घरात काय घडते? बाळ जन्मतः गुटगुटीत असते. आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडे त्याला काही काळ सांभाळतात. मग तोंडात पांढरी बुरशी धरते आणि औषधाने जात नाही. जुलाब थांबत नाहीत, न्यूमोनिया पुनःपुन्हा होतो, वजन वाढत नाही. उपचार झाला नाही तर बहुधा वर्षाच्या आत मृत्यू येतो. दोन-तीन वर्षांनी दुसरे मूल त्याच वाटेने जाते. आणि मग त्या माउलीविषयी गावात जे बोलले जाते, ते आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. तिची कूस, तिचा पायगुण, कोणाची तरी नजर. रॅगच्या दोषात आई आणि वडील यांचा वाटा अगदी समसमान असतो. दोघेही स्वतः निरोगी असतात, कारण त्यांच्याजवळ एक प्रत चांगली असते. प्रत्येक अपत्याला चारात एक इतका धोका असतो आणि तो दर खेपेस तेवढाच राहतो. आते-मामे भावंडांचे विवाह आपल्या अनेक समाजांत रूढ आहेत. नवरा-बायकोचे आजोबा एकच असले, की एकच सदोष प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, एवढेच विज्ञान सांगते.

या व्याधीवर उपाय आहे. निरोगी व्यक्तीच्या, शक्यतो जुळणाऱ्या भावंडाच्या, अस्थिमज्जेचे रोपण केल्यास बालकात नव्या पेशी घडू लागतात. असे पहिले यशस्वी रोपण १९६८ मध्ये अमेरिकेत झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणीत, वयाच्या साडेतीन महिन्यांच्या आत रोपण झालेल्या बालकांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. सारा प्रश्न वेळेत ओळखण्याचा आहे. आणि येथे ते मघाचे कडे उपयोगी पडते. टी पेशी घडताना कापून टाकलेल्या पट्टीचे कडे नवजात बालकाच्या रक्तात सापडते. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबात ही कडी मोजतात. ती नसतील तर टी पेशी घडत नाहीत, असे समजून पुढील तपासण्या करावयाच्या. शिंप्याच्या दुकानातील कातरण पाहून आत कपडे शिवले जातात की नाही हे ओळखावे, तशी ही चाचणी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने ती २००८ मध्ये सर्व नवजात बालकांसाठी सुरू केली आणि २०१८ अखेर तेथील सर्व राज्यांनी तिचा अंगीकार केला. आपल्या देशात अशी सार्वत्रिक तपासणी अद्याप नाही. मात्र अशा व्याधींच्या निदानाचे काम मुंबईत परळ येथे, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत चालते.

तोवर आपल्या हाती काय आहे? एक गोष्ट तातडीची आहे. आपल्याकडे जन्मतःच बी.सी.जी. टोचतात आणि पोलिओचे थेंब देतात. या दोन्ही लसींत दुबळे केलेले, पण जिवंत जंतू असतात. कोट्यवधी बालकांना त्यांनी वाचविले आहे आणि प्रत्येक निरोगी बालकाला त्या वेळेवर मिळाल्याच पाहिजेत, याविषयी माझ्या बोलण्याने कोणाच्याही मनात किंतु राहू नये. पण टी पेशी नसलेल्या बालकात बी.सी.जी. चे जंतू सर्वांगात पसरून जीवघेणे ठरू शकतात. म्हणून ज्या घरात आधीचे भावंड तान्हेपणी वारंवार जंतुसंसर्ग होऊन गेले आहे, तेथे पुढील बाळंतपणापूर्वीच ही हकिगत वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालावी. लस केव्हा द्यावयाची हे त्यांनी ठरवावे. घरच्यांनी परस्पर नव्हे. रक्ताच्या साध्या तपासणीतही अशा बालकाच्या लसीका पेशींची संख्या वयाच्या मानाने फार कमी दिसते आणि त्यावरून पुढची दिशा मिळू शकते.

आधीच्या भावंडाची ही हकिगत सांगणारा कोण? आशा सेविका बदलते, डॉक्टरांची बदली होते, बाळंतपण माहेरी होते. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत मात्र तीच दोन नावे चार वर्षांच्या अंतराने, निरनिराळ्या पानांवर, पालकांच्या त्याच नावासह उभी असतात. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे अचूक असते. ती पाने एकत्र वाचण्याचे काम नोंदवहीच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेले नाही. आपल्या गावच्या मागील दहा वर्षांच्या बालमृत्यूंच्या नोंदी घरवार लावून पाहण्यास एखाद्या शिक्षकाला आणि एखाद्या सदस्याला मिळून एक दुपार पुरेल. एकाच घरातील दोन नोंदी आढळल्या तर ती नावे गावात न उच्चारता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावीत.